जेवणात व्हिनेगर: साखरेसाठी घ्यायचं तर असं घ्या

सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात चमचाभर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर टाकून पिणारी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. त्यातली बहुतेक जण ‘साखरेसाठी’ पितात, म्हणजे रक्तातली साखर कमी व्हावी म्हणून. मी त्यांना एकच विचारते, की त्यानंतर जेवता कधी? उत्तर येतं, ‘दोन-तीन तासांनी’, किंवा ‘एकदम दुपारीच’. मग त्या व्हिनेगरचा जेवणानंतरच्या साखरेशी फारसा संबंध उरत नाही. तोंड आंबट होतं, दातांवर अ‍ॅसिड जातं आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, एवढंच.

व्हिनेगर अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उपयोग आहे, पण तो लहान आहे आणि अटींसकट आहे. अटी पाळल्या तर आकडा थोडा खाली येतो, नाही पाळल्या तर येत नाही.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडशी जुना परिचय. टाइप टू मधुमेह आहे, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू आहे आणि ग्लुकोमीटर घरात आहे. खाली लिहिलंय ते या तिन्हींच्या जोरावर. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी ‘कोणी घेऊ नये’ हा भाग वाचावा, मग वर यावं.

काम कोण करतं

व्हिनेगर म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. साखरेवर जो काही परिणाम होतो तो या अ‍ॅसिडचा. १९९५ साली इटलीतल्या संशोधकांनी एक छान साधा प्रयोग केला होता. निरोगी माणसांना पांढरा पाव आणि सोबत लेट्यूसचं सॅलड दिलं. एकदा सॅलडवर व्हिनेगर होतं आणि एकदा तेच व्हिनेगर, पण खाण्याच्या सोड्याने त्यातलं अ‍ॅसिड मारून टाकलेलं. नुसत्या व्हिनेगरने साखरेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे खाल्ल्यानंतर एकूण किती साखर चढली त्याचं माप, सुमारे ३१ टक्क्यांनी घटलं. सोडा घातलेल्या व्हिनेगरने काहीच घटलं नाही. पाचच माणसांवर केलेला प्रयोग आहे, तेव्हा ३१ हा आकडा फार मनावर घेऊ नका. पण सोड्याने परिणाम पुसला गेला, ही गोष्ट पुढे अमेरिकेतल्या अभ्यासातही पुन्हा दिसली.

हे मुद्दाम सांगते, कारण माझे धाकटे दीर व्हिनेगरमध्ये चिमूटभर सोडा टाकून पितात. ‘वहिनी, त्यानं जळजळत नाही.’ बरोबर आहे, जळजळणार कसं? अ‍ॅसिड आणि सोडा भेटले, फेस आला, कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि ग्लासात सोडियम अ‍ॅसिटेट उरलं. ‘भाऊजी, तुम्ही आता खारट पाणी पिताय’, असं मी म्हटल्यावर ते दुखावले. पण सोडा घालणं थांबवलं नाही.

अ‍ॅसिड पोटात नेमकं करतं काय? सगळ्यात भक्कम दिसणारं कारण म्हणजे ते पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं. अन्न लहान आतड्यात हळूहळू उतरतं, त्यामुळे साखर रक्तात एकदम न येता पसरून येते. दुसरं, साखरेचे आणि पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करणाऱ्या आतड्यातल्या काही विकरांना (एन्झाइमना) ते थोडं मंद करतं. हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींमध्ये दिसलं आहे. तिसरं, ग्रीसमध्ये टाइप टूच्या रुग्णांवर २०१५ साली झालेल्या अभ्यासात, व्हिनेगरनंतर हाताच्या स्नायूंनी रक्तातलं ग्लुकोज जास्त उचललं.

यातून एक गोष्ट लक्षात येते. परिणाम व्हायला पोटात पिष्ट हवं. भात, पाव, बटाटा असं काही. कॅरोल जॉन्स्टन या अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत व्हिनेगरवर अनेक वर्षं काम करणाऱ्या आहारशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने २०१० साली निरोगी प्रौढांवरचे चार छोटे प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. व्हिनेगर जेवणाबरोबर घेतलं तेव्हा फरक सर्वांत ठळक होता, जेवणाच्या ५ तास आधी घेतलं तेव्हा नव्हता. आणि जेवणाऐवजी सरळ ग्लुकोज दिलं तर व्हिनेगरने काहीच झालं नाही, कारण ग्लुकोजचे आणखी तुकडे करायचे नसतातच. पहाटेच्या कोमट ग्लासाबद्दल मी तक्रार का करते, ते यावरून कळेल.

बाटली कुठली

बाटलीवर एकच आकडा शोधा, आम्लता किती टक्के. ५ टक्के असेल तर उत्तम, ४ असेल तर थोडं जास्त लागेल. सफरचंदाचं, तांदळाचं, द्राक्षाचं, साधं पांढरं, कुठलंही चालतं, कारण अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सगळीकडे तेच. तळाशी धुरकट गाळ असलेली, ‘मदर’ असं अभिमानाने लिहिलेली बाटली महाग असते. तो गाळ म्हणजे सेल्युलोज आणि व्हिनेगर बनवणारे जिवाणू. साखरेवरच्या परिणामासाठी त्याची गरज नाही. आवडत असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

काही गोष्टी मात्र टाळा. बाल्सामिक आणि ‘सीझन्ड’ म्हणून विकली जाणारी व्हिनेगर गोड असतात, त्यात साखर किंवा द्राक्षाचा आटवलेला रस असतो. व्हिनेगरच्या गमीज म्हणजे चक्क गोळ्या-चॉकलेटचा प्रकार. कॅप्सूल आणि टॅब्लेट तर मुळीच नकोत. २००५ साली अशी गोळी घशात अडकून अन्ननलिकेला इजा झाल्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी बाजारातल्या ८ कंपन्यांच्या गोळ्या तपासल्या. लेबलवरचं अ‍ॅसिडचं प्रमाण आणि आतलं प्रमाण यांचा मेळ नव्हता. आणि जॉन्स्टन यांच्या १२ आठवड्यांच्या छोट्या अभ्यासात द्रव व्हिनेगर घेणाऱ्यांचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) ०.१६ ने उतरलं, तर व्हिनेगरच्या गोळ्या घेणाऱ्यांचं थोडं चढलं.

आणि हे ठळक अक्षरात वाचा. सफाईसाठी विकलं जाणारं व्हिनेगर, ‘व्हिनेगर इसेन्स’ आणि ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड या खायच्या वस्तू नाहीत. ग्लेशियल म्हणजे जवळजवळ शुद्ध अ‍ॅसिड. प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडताना मी विद्यार्थ्यांना हातमोजे आणि चष्मा घालायला लावायची. एक घोट अन्ननलिका जाळायला पुरेसा आहे. घरी पाणी घालून ‘स्वस्तात व्हिनेगर’ बनवायचा विचारही करू नका.

किती

इथे थोडं गणित करते, सवय आहे. ५ टक्के म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम अ‍ॅसिड. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली व्हिनेगर, त्यात पाऊण ग्रॅम. एक छोटा चमचा, ५ मिली, त्यात पाव ग्रॅम.

आता अभ्यासांत किती दिलं ते बघा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००५ साली १२ निरोगी लोकांना पांढऱ्या पावाबरोबर तीन वेगवेगळ्या मात्रा दिल्या. ग्रॅममध्ये मांडलं तर साधारण १.१, १.४ आणि १.७ ग्रॅम अ‍ॅसिड, म्हणजे ५ टक्क्यांच्या व्हिनेगरचे सुमारे २२ ते ३४ मिली. मात्रा वाढली तशी साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त दबले आणि पोट भरल्याची भावनाही जास्त टिकली. जॉन्स्टन यांच्या २००४ च्या गाजलेल्या अभ्यासात २० ग्रॅम व्हिनेगर ४० ग्रॅम पाण्यात घालून दिलं होतं आणि वर ८७ ग्रॅम कर्बोदकांचं जेवण होतं. ज्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशी अवस्था) होता पण मधुमेह नव्हता, त्यांना फायदा सर्वांत जास्त झाला. मधुमेह असलेल्यांना त्याहून कमी. २०१० च्या प्रयोगांत तर १० ग्रॅम, म्हणजे दोन छोट्या चमच्यांनीही जेवणानंतरची वाढ सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली.

म्हणून माझा सल्ला असा. सुरुवात एका छोट्या चमच्याने करा, आठवडाभर. मळमळ, ढेकर, छातीत जळजळ काही झालं नाही तर दोन छोटे चमचे. त्यानंतर हवं तर एक मोठा चमचा. दिवसभरात दोन मोठ्या चमच्यांच्या, म्हणजे ३० मिलीच्या वर जाऊ नका. आणि प्रत्येक जेवणाला घ्यायचीही गरज नाही. ज्या जेवणात पिष्ट जास्त आहे त्याच जेवणाला घ्या.

कसं घ्यायचं

प्यायचं कशाला? खा. ज्यांनी व्हिनेगर पिऊन दात आंबवले, घसा खरवडून घेतला, त्यांना हा साधा मार्ग कोणी सांगितलेलाच नसतो. सॅलडवर घातलेलं व्हिनेगर तितकंच काम करतं आणि सोबत भाजी आपोआप पोटात जाते, तो फायदा निराळा.

मी करते ते असं. एका वाटीत एक मोठा चमचा व्हिनेगर, एक मोठा चमचा तेल, मीठ, मिरपूड आणि मोहरीची पेस्ट अर्धा छोटा चमचा. मोहरीमुळे तेल आणि व्हिनेगर लवकर वेगळे होत नाहीत. काट्याने फेटायचं आणि कापलेल्या काकडीवर, कोबीवर, गाजरावर ओतायचं. हे एका माणसासाठी. दोघांसाठी दुप्पट करा, नाहीतर अर्धं अ‍ॅसिड दुसऱ्याच्या ताटात जाईल. वाटीच्या तळाशी उरलेलं पाणी टाकू नका, अ‍ॅसिडचा मोठा भाग तिथेच असतो. हे सॅलड जेवणाच्या सुरुवातीला संपवा आणि लगेच पुढचं जेवण घ्या. मध्ये फोन आला, अर्धा तास गेला, असं होऊ देऊ नका.

घाई असेल तेव्हा पातळ चिरलेला कांदा व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं भिजवायचा. कांद्याचा उग्रपणा जातो आणि ते व्हिनेगरसकट ताटात घ्यायचं. बाजारातल्या बाटलीतल्या लोणच्यावर विसंबू नका. त्यात मीठ भरपूर, कधी साखरही आणि अ‍ॅसिड किती ते कळत नाही. वर सांगितलेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात व्हिनेगरमधल्या काकड्या खाणारा गटही होता, त्यांना काही फायदा झाला नाही.

बटाटा आवडत असेल तर त्याची एक युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. बटाटे उकडा, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी थंडच असताना वरचं व्हिनेगर-तेल घालून खा. थंड होताना पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट जुळून येतो आणि पचनाला दाद देत नाही, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. लुंडच्याच संशोधकांनी हे मोजलं होतं. ताज्या गरम बटाट्यात असं पिष्ट ३.३ टक्के होतं, थंड ठेवल्यावर ५.२ टक्के झालं. थंड बटाटा आणि व्हिनेगर एकत्र आले तेव्हा साखरेची वाढ गरम बटाट्याच्या तुलनेत चांगलीच खाली आली. थंड भातालाही हेच लागू आहे, फक्त शिजवलेला भात बाहेर तासन्‌तास ठेवू नका, तासाभरात फ्रिजमध्ये टाका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूला कोमट भात फार मानवतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करून जात नाही.

व्हिनेगर उकळत्या पदार्थात घालू नका. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ११८ अंशांना उकळतं, पाण्याच्या वर, पण वाफेबरोबर ते निघून जातच असतं. घरभर जो वास सुटतो तो म्हणजे तुमच्या ताटात न आलेलं अ‍ॅसिड. गॅस बंद करून, वाढायच्या वेळी घाला.

इतकं सांगूनही कोणाला प्यायचंच असेल, तर एक मोठा चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात, निदान २०० मिली. जेवणाबरोबर घ्या, पण तासभर घोट घोट घेत बसू नका. स्ट्रॉ वापरा, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं. व्हिनेगरचा पीएच अडीच-तीनच्या आसपास. नुकतंच मऊ झालेलं एनॅमल ब्रशने घासलं की ते कायमचं जातं. आणि पाणी न घालता ‘शॉट’ मारायचा नाही. त्यात शौर्य नाही.

व्हिनेगरची चव सहनच होत नसेल तर लिंबू. फ्रान्समधल्या संशोधकांनी पावाबरोबर लिंबाचा रस दिला तेव्हा साखरेचं शिखर सुमारे ३० टक्क्यांनी खाली आलं आणि उशिराही आलं. तिथे कारण थोडं वेगळं आहे. लिंबामुळे पोट लवकर आंबट होतं आणि लाळेतलं पिष्ट तोडणारं विकर, अमायलेज, लवकर बंद पडतं.

तुम्हाला उपयोग होतो का, ते तपासा

माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका हाच वगळतात. महिनाभर व्हिनेगर घेतात, एक दिवस लॅबमध्ये जाऊन रक्त देतात, आकडा कमी आला तर व्हिनेगरचं यश आणि जास्त आला तर ‘काल लग्नाला गेलो होतो’. असं काहीही सिद्ध होत नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर जोडीने तपासा. एकच जेवण ठरवा. भात, तो वजनकाट्यावर मोजून, दोन्ही वेळा सारखा. सोबतची भाजी तीच, वेळ तीच, गोळी त्याच वेळी. आदल्या रात्रीचं जेवण आणि झोपही साधारण सारखी. जेवल्यावर एक दिवस फिरायला गेलात तर दुसऱ्या दिवशीही तितकंच फिरा किंवा दोन्ही दिवस बसा. एका दिवशी सॅलड व्हिनेगर घालून, दुसऱ्या दिवशी तेच सॅलड व्हिनेगर न घालता.

मोजायचं कधी? पहिल्या घासाच्या आधी एकदा. मग पहिल्या घासापासून, शेवटच्या घासापासून नव्हे, अर्ध्या तासाने, एका तासाने आणि दोन तासांनी. लॅबमध्ये ‘पीपी’, म्हणजे जेवणानंतरची साखर, म्हणून दोन तासांचा आकडा घेतात. पण व्हिनेगरचा परिणाम मुख्यतः सुरुवातीच्या चढावर दिसतो. दोन तासांनी दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे आले तरी मधला चढ वेगळा असू शकतो. फक्त दोन तासांचा आकडा बघणाऱ्याला तो दिसणारच नाही. चार टोचण्या नको असतील तर निदान सुरुवातीचा आणि तासाभराचा आकडा घ्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ सोलून लगेच बोट टोचलं तर आकडा फळाचा येतो. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. थेंब येत नाही म्हणून पिळू नका, हात खाली लोंबता ठेवा.

आता आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? घरगुती मीटरसाठीचा आंतरराष्ट्रीय मापदंड १०० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) वर ± १५ टक्के चूक मान्य करतो. म्हणजे खरी साखर १६० असेल तर मीटर १३६ दाखवेल किंवा १८४, दोन्ही नियमातच. त्यामुळे एका दिवशी १६० आणि दुसऱ्या दिवशी १५० आले तर फरक पडला असं म्हणता येत नाही. अशा काही जोड्या करा, सगळ्या वहीत लिहा आणि मग बघा की व्हिनेगरचे दिवस सातत्याने खाली आहेत का. जोडीजोडीत आकडे खालीवर उड्या मारत असतील तर उत्तर ‘फरक नाही’ असंच समजा.

माझ्या वहीत काय दिसतं ते सांगते. भात-बटाट्याच्या जेवणात तासाभराचा आकडा बहुतेक वेळा वीस-पंचवीसने खाली असतो. कडधान्य आणि भाजी जास्त असलेल्या जेवणात व्हिनेगर घातलं काय, न घातलं काय, वही सारखीच. नंतर वाचताना दिसलं की अथेन्समधल्या २०१० च्या अभ्यासातही टाइप टूच्या रुग्णांमध्ये हेच घडलं होतं. कुस्करलेल्या बटाट्याच्या जेवणावर व्हिनेगरचा परिणाम झाला, अखंड धान्याचा पाव, लेट्यूस आणि चीज यांच्या जेवणावर झाला नाही. जे जेवण मुळातच साखर हळू सोडतं, तिथे व्हिनेगरला करण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

तुमच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची? अमेरिकन डायबिटीस असोसिएशन मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांत १८० मिलिग्रॅमच्या खाली असं लक्ष्य सांगते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. व्हिनेगर घालूनही २५० येत असेल तर प्रश्न चमच्यांचा नाही, औषधांचा आणि ताटातल्या भाताचा आहे.

कोणी घेऊ नये, कोणी विचारून घ्यावं

मधुमेह जुना झाला की काही जणांच्या पोटाच्या नसा मंदावतात आणि अन्न तासन्‌तास पोटात पडून राहतं. याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. थोड्याशा जेवणानेच पोट गच्च वाटणं, काही तासांपूर्वी खाल्लेलं उलटून पडणं, साखर कधी अचानक खाली, कधी उशिरा वर, ही त्याची लक्षणं. २००७ साली स्वीडनमध्ये अशा १० रुग्णांना, सगळे टाइप वन, रोज ३० मिली सफरचंदाचं व्हिनेगर दोन आठवडे दिलं. त्यांचं आधीच मंद असलेलं पोट आणखी मंद झालं. ज्या गुणामुळे मला फायदा होतो, त्याच गुणाने त्यांचं नुकसान. अशांनी व्हिनेगर घेऊच नये.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांचा धोका असा, की इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं आणि साखर मात्र पोटात अडकून राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांवरही साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका आणि व्हिनेगर सुरू केलं म्हणून गोळी किंवा युनिट स्वतःच्या मनाने कमी तर अजिबात करू नका. घाम, थरथर, धडधड, डोकं सुन्न झालं तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पोट मंद असताना साखर चढायला वेळ लागू शकतो, म्हणून त्या १५ मिनिटांत एकटं राहू नका.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम उतरण्याचा प्रश्न येतो. भाऊजींचं लाडकं वाक्य आहे, ‘नैसर्गिक आहे, जास्त घेतलं तर काय होतं?’ त्यांना मी ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी १९९८ साली नोंदवलेली केस वाचून दाखवली. २८ वर्षांची बाई, सहा वर्षं रोज पाव लिटर सफरचंदाचं व्हिनेगर. रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं आणि त्या वयात हाडं ठिसूळ झालेली. पाव लिटर म्हणजे माझ्या सॅलडच्या सोळापट, हे खरं. पण ‘जास्त’चं उत्तर हेच आहे.

अ‍ॅसिडिटी, अल्सर, अन्ननलिकेची जळजळ असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपणात साखर वाढली असेल, तर विचारून. लहान मुलांना साखर उतरवायला म्हणून देऊ नये.

याहून मोठी कामं

०.१६ हा एचबीएवनसीचा आकडा आठवतो ना? मेटफॉर्मिनने साधारण १ किंवा त्याहूनही जास्त उतरतं. व्हिनेगर औषधाच्या जागी बसू शकत नाही ते यामुळे. वजन उतरवण्याच्या दाव्यांबद्दल तर बोलायलाच नको. २०२४ साली लेबनॉनमधल्या ज्या अभ्यासाच्या बातम्या सगळीकडे फिरल्या, तो पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र मला कोणी फॉरवर्ड केली नाही.

फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी व्हिनेगरपेक्षा मला जास्त भरवशाच्या वाटतात. एक, जेवणाचा क्रम. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली टाइप टूच्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाजी आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस शेवटी, असं खाल्लं तेव्हा साखर अर्ध्या तासाने २९ टक्के, तासाभराने ३७ टक्के आणि दोन तासांनी १७ टक्के कमी होती. दोन, जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालणं. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ग्लुकोज उचलतात. व्हिनेगरचं सॅलड आधी खाणं या क्रमात आपोआप बसतं, म्हणूनच मी ते पिण्यापेक्षा खाण्याच्या बाजूची आहे.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चालू औषधांच्या यादीत हेही लिहून न्या: किती टक्क्यांचं, किती मिली, कुठल्या जेवणाबरोबर. सोबत ती जोड्यांची वहीही न्या.